हाडातला नासूर आणि न्यूझीलंडचे शल्यविशारद

पेसाहच्या सणात येणाऱ्या शब्बाथला आपल्या सिनेगॉगांतून यहेज्केल नबीच्या दृष्टांताचे वाचन होते. सुक्या हाडांनी भरलेले ते खोरे आबालवृद्धांना ठाऊक आहे. आपल्या मिद्राशांत हाडांविषयी आणखी एक कथा आहे. रोमन बादशहा हाद्रियान याने रब्बी यहोशुआ बेन हनन्या यांना विचारले की, पुनरुत्थानाच्या दिवशी देव माणसाला कशापासून पुन्हा घडवील? रब्बींनी उत्तर दिले, पाठीच्या कण्यातील ‘लूझ’ नावाच्या एका लहानशा हाडापासून. बादशहाने प्रचीती मागितली. तेव्हा ते हाड जात्यात घातले, पण दळले गेले नाही. अग्नीत टाकले, जळले नाही. पाण्यात ठेवले, विरघळले नाही. ऐरणीवर ठेवून घण घातला, तर ऐरणच दुभंगली.

हाडाच्या या अविनाशीपणाचे कौतुक धर्मशास्त्राला वाटावे हे योग्यच आहे. शल्यविशारदाला मात्र हाच गुण शेकडो वर्षे छळत आला. मांस मेले की सडते, गळून पडते आणि जखम भरून येते. हाड मेले की ते तसेच राहते. जिवंत देहात रुतून बसलेल्या काट्याप्रमाणे ते वर्षानुवर्षे आत पडून राहते आणि त्याच्या आश्रयाने जंतू सुखाने नांदतात. आपल्या जुन्या भाषेत ज्याला ‘हाड कुजणे’ किंवा ‘हाडाला नासूर होणे’ म्हणत आणि आजचे वैद्यकशास्त्र ज्याला दीर्घकालीन अस्थिमज्जाशोथ म्हणते, त्या व्याधीचे मूळ येथे आहे. या व्याधीशी माणसाने कशी झुंज दिली, आणि त्या झुंजीत पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाच्या न्यूझीलंडसारख्या चिमुकल्या देशातील डॉक्टरांचा वाटा किती मोठा आहे, हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत आहे, त्यात बारीक नलिकांतून रक्त खेळते, आणि पोकळीत मज्जा असते. जंतू त्यात दोन वाटांनी शिरतात. लहान मुलांत ते बहुधा रक्तातून येतात. त्वचेवरचे एखादे गळू, एखादे खरचटणे एवढे निमित्त पुरते. दुसरी वाट म्हणजे उघडा अस्थिभंग; हाड मोडून कातडी फाटली की बाहेरची माती थेट आत जाते. पू होतो. मांसात पू झाला तर सूज वाढायला जागा असते; हाडाच्या कठीण भिंतींना ताणता येत नाही. आतला दाब वाढतो, रक्तवाहिन्या चिरडल्या जातात, पू हाडावरील पातळ आवरण उचलून धरतो आणि तिकडूनही रक्त तुटते. रक्त तुटलेला तुकडा मरतो. त्याला मृतास्थी म्हणतात. शरीर आपल्या परीने त्याच्याभोवती नव्या हाडाचे कवच बांधते. पण त्यामुळे मृतास्थी कोंडली जाते आणि पू त्या कवचाला भोके पाडून कातडीपर्यंत वाट काढतो. हाच नाडीव्रण. सुश्रुताने नाडीव्रणाचे विवेचन केलेले आहे. म्हणजे आपल्या देशात हा रोग नवा नाही. औषध रक्तातून जाते. जेथे रक्तच नाही तेथे ते पोचणार कसे? या एका प्रश्नाभोवती पुढचा सारा इतिहास फिरतो.

आमच्या लहानपणी आळीत एक वृद्ध गृहस्थ होते. तरुणपणी ताडावरून पडून त्यांची नडगी मोडली होती. चाळीस वर्षे त्यांच्या पायाला धडपा बांधलेला असे. मधूनच जखमेवर खपली धरायची, घरात आनंद व्हायचा. मग ताप भरायचा, पाय ठणकायचा, आणि एके दिवशी पुवाबरोबर तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा बाहेर पडायचा. आम्ही मुले दुर्गंधीने नाक धरून पळत असू. असे रोगी पूर्वी कोकणातल्या गावोगाव असत.

एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपातही याहून फारसे निराळे चित्र नव्हते. इ. स. १८४४ मध्ये फ्रेंच शल्यविशारद नेलातों यांनी रोगाला आजचे नाव दिले. १८८० मध्ये लुई पाश्चर यांनी अशाच एका रोग्याच्या हाडातील पू तपासला, आणि गळवात सापडणारे जंतू त्यात पाहून हा रोग म्हणजे हाडातले गळूच होय असे प्रतिपादिले. याच सुमारास स्कॉटलंडमध्ये ॲलेक्झांडर ऑग्स्टन यांनी त्या जंतूंना द्राक्षांच्या घडावरून स्टॅफिलोकॉकस हे नाव दिले. शत्रूची ओळख पटली. पण शत्रू तटबंदीच्या आत होता. रोग्यापुढे दोनच पर्याय उरत: जन्मभर नासूर बाळगणे, अथवा पाय कापून टाकणे.

मग १९१४ साल उजाडले. पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडची लोकसंख्या जेमतेम अकरा लाख होती. त्यातून सुमारे एक लाख माणसे परदेशी रणांगणांवर गेली. सुमारे अठरा हजार मरण पावली, चाळीस हजारांहून अधिक जखमी झाली. फ्रान्स व बेल्जममधील लढाई पिढ्यान्‌पिढ्या शेणखत घातलेल्या शेतांत झाली, आणि तोफगोळ्यांच्या किरचांबरोबर ती माती थेट मोडलेल्या हाडांत शिरली. लिस्टर यांच्या कार्बोलिकने ज्या शल्यविशारदांचा आत्मविश्वास वाढला होता, तो या चिखलात बुडाला.

इंग्लंडच्या दक्षिणेस ब्रोकनहर्स्ट नावाचे गाव आहे. १९१४ च्या अखेरीस तेथे भारतीय जखमी सैनिकांसाठी लेडी हार्डिंज हॉस्पिटल उघडण्यात आले. भारतीय पायदळ फ्रान्समधून हलविल्यानंतर, १९१६ मध्ये त्याच जागी न्यूझीलंडचे पहिले जनरल हॉस्पिटल आले. ज्या खाटांवर आपल्या देशाचे शिपाई कण्हले, त्याच ठिकाणी मावरी व गोरे न्यूझीलंडर कण्हू लागले. गावच्या चर्चच्या आवारात नव्वदांहून अधिक न्यूझीलंडरांच्या कबरी आहेत, आणि त्यांच्या सोबतीला थोड्या भारतीयांच्याही. इतिहासाच्या शालेय पुस्तकांत अशा शेजाराला जागा मिळत नाही, याची खंत वाटते.

त्या काळातील मुख्य उपचार म्हणजे ॲलेक्सिस कॅरेल व हेन्री डेकिन यांनी शोधलेली जखम धुण्याची पद्धत होय. जखमेत रबरी नळ्या घालून दर दोन तासांनी क्लोरीनयुक्त सौम्य द्रावण सोडावयाचे. परिचारिकांचे हाल होत, पण अनेकांचे पाय वाचले. तरीही हजारो सैनिक वाहते हाड घेऊनच घरी परतले.

जबड्याच्या जखमा तर सर्वांत भयानक. त्यांच्यासाठी लंडनजवळ सिडकप येथे १९१७ मध्ये खास रुग्णालय निघाले. त्याचा प्राण म्हणजे हॅरोल्ड गिलीज; जन्म न्यूझीलंडमधील डनीडन शहरी, १८८२ चा. तेथील न्यूझीलंड विभागाचे प्रमुख हेन्री पिकरिल होते. ते जन्माने इंग्रज, पण डनीडनच्या दंतवैद्यक विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता. चुरडलेल्या जबड्यातून मेलेले हाड काढावे, पू आटवावा, आणि मग शरीराच्या अन्य भागातील हाडाचा तुकडा तेथे बसवावा, असा हा उद्योग. १९१९ मध्ये पिकरिल आपल्या काही रोग्यांना बरोबर घेऊनच डनीडनला परतले व तेथील रुग्णालयात त्यांनी काम पुढे चालू ठेवले. युद्ध संपले तरी रोग्याचे युद्ध संपत नाही, हे ज्या डॉक्टरांना कळले होते त्यांपैकी ते एक.

दोन युद्धांमधील काळात दोन अमेरिकनांनी चमत्कारिक गोष्टी ध्यानात आणल्या. नेब्रास्काच्या विनेट ऑर यांनी पाहिले की, जे सैनिक प्लॅस्टर घालून जहाजाने मायदेशी पाठविले गेले आणि प्रवासात ज्यांची मलमपट्टी कोणी बदलली नाही, ते रोज पट्टी बदललेल्या सैनिकांपेक्षा चांगले राहिले होते. त्यांनी जुन्या नासुरावर हाच प्रयोग केला. हाड उघडून मेलेला भाग खरवडायचा, पोकळी व्हॅसलीन लावलेल्या कापडाने भरायची, वरून प्लॅस्टर, आणि मग कित्येक आठवडे हात लावायचा नाही. दुसरे बाल्टिमोरचे विल्यम बेअर. १९१७ मध्ये फ्रान्समध्ये त्यांना रणांगणावर सात दिवस पडून राहिलेले दोन सैनिक मिळाले. त्यांच्या जखमा अळ्यांनी बुजबुजल्या होत्या; पण अळ्या काढल्यावर खाली निरोगी गुलाबी मांस दिसले! पुढे बेअर यांनी निर्जंतुक केलेल्या अळ्या वाढवून त्या मुलांच्या कुजलेल्या हाडांत सोडल्या. वाचून अंगावर शहारे येतात. परंतु अळी फक्त मेलेलेच खाते, जिवंत सोडते. शल्यविशारदाच्या सुरीला एवढा विवेक क्वचितच असतो.

आता आपण आपल्या कथेच्या मुख्य पुरुषाकडे वळू. डग्लस वॅडेल जॉली यांचा जन्म १९०४ मध्ये ओटागो प्रांतातील क्रॉमवेल या गावी झाला. सोन्याच्या शोधात माणसे आली आणि गाव वसले, अशा मुलखातले हे ठिकाण. घरचे दुकान होते, संस्कार कडक प्रेस्बिटेरियन. डनीडनच्या वैद्यकीय विद्यालयातून पदवी घेऊन १९३२ मध्ये ते शल्यशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. विद्यार्थिदशेतच त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेला समाजवादाची जोड मिळाली होती. १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. जॉली यांनी शल्यविशारदांच्या फेलोशिपची तयारी बाजूस सारली आणि वर्ष संपण्याच्या सुमारास ते प्रजासत्ताकाच्या बाजूने स्पेनमध्ये दाखल झाले. पुढील दोन वर्षे ते आंतरराष्ट्रीय ब्रिगेडबरोबर लढाईमागून लढाईत शस्त्रक्रिया करीत फिरले.

त्या ब्रिगेडांत यहुदी स्वयंसेवकांची संख्या लक्षणीय होती. जर्मनी, पोलंड, इंग्लंड, अमेरिका, इतकेच नव्हे तर पॅलेस्टाइनमधूनही ते आले होते. हिटलरशी पहिला सामना येथेच होणार हे त्यांनी ओळखले होते. जॉली ज्या पस्तिसाव्या डिव्हिजनमध्ये काम करीत होते, तिच्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख लेन क्रोम हे द्विन्स्क येथे जन्मलेले यहुदी डॉक्टर होते. एडिंबरोत शिकलेला हा माणूस पुढे दुसऱ्या महायुद्धातही ब्रिटिश सैन्यात गाजला. पृथ्वीच्या दोन टोकांकडची ही दोन माणसे स्पेनच्या धुळीत एकत्र आली, हा योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

जॉली यांनी काय केले? त्यांचा भर वेळेवर होता. जखम होऊन सहा तास उलटण्याच्या आत ती शल्यविशारदाच्या हाती आली पाहिजे. रोगी डॉक्टरकडे येईपर्यंत वाट पाहण्याऐवजी डॉक्टरानेच रणांगणाकडे जावे. यासाठी त्यांनी तीन टप्प्यांची रचना मांडली. सर्वांत पुढे जखमींची निवड करणारे ठाणे, त्यामागे तातडीच्या शस्त्रक्रियांचे फिरते रुग्णालय, आणि त्याही मागे थोडा विलंब सोसू शकणाऱ्यांसाठी दुसरे. लढाई सरकली की रुग्णालयही सरके. १९३८ च्या एब्रो नदीच्या लढाईत ला बिस्बाल द फालसेत या गावाजवळच्या डोंगरातील गुहेत खाटा मांडून रुग्णालय थाटले गेले होते. वर विमाने, आत शस्त्रक्रिया, असा तो प्रकार. बार्सिलोनाच्या डॉ. दुरान जोर्दा यांनी बाटल्यांतून साठवलेले रक्त आघाडीवर पोचविण्याची व्यवस्था केली होती, तिचाही मोठा आधार होता.

याच शहरात जोसेप त्रुएता हे शल्यविशारद ऑर यांची पद्धत ताज्या जखमांना लावीत होते. त्यांचा मार्ग असा: जखम शक्य तितक्या लवकर साबणपाण्याने धुवावी, मेलेले, निळे पडलेले, कापल्यावर रक्त न येणारे सर्व मांस निर्दयपणे कापून काढावे, जखम शिवू नये, उघडीच ठेवून जाळीच्या कापडाने भरावी, आणि मोडलेला अवयव प्लॅस्टरमध्ये घट्ट बसवून टाकावा. प्लॅस्टरला विलक्षण दुर्गंधी येई. शेजारचे रोगी तक्रार करीत. पण आत जखम भरत असे. त्रुएता यांनी १,०७३ उघड्या अस्थिभंगांचा हिशेब प्रसिद्ध केला. ९७६ जणांना चांगला गुण आला, ९१ जणांना आला नाही, आणि मृत्यू केवळ ६. पहिल्या महायुद्धाची आठवण असलेल्यांना हे आकडे अविश्वसनीय वाटले असतील. वाचकांनी ध्यानात घ्यावे की या वेळी पेनिसिलिन उपलब्ध नव्हते. ही किमया सुरीची, साबणाची आणि विश्रांतीची होती. जे नासूर पुढे चाळीस वर्षे वाहिले असते, ते उत्पन्नच होऊ दिले गेले नाहीत.

प्रजासत्ताक हरले. त्रुएता १९३९ मध्ये इंग्लंडला गेले व पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. जॉली यांनी आपला अनुभव ‘फील्ड सर्जरी इन टोटल वॉर’ या पुस्तकात मांडला. ते १९४० मध्ये निघाले, आणि तेव्हा बॉम्ब लंडनवर पडू लागले होते. दुसऱ्या महायुद्धात जॉली यांनी ब्रिटिश सैन्यातर्फे उत्तर आफ्रिका व इटलीत हीच पद्धत राबविली. पुढे कोरियात अमेरिकनांनी जी फिरती रुग्णालये उभारली, त्यांच्या पूर्वजांत जॉली यांची रचना मोडते.

या ठिकाणी मराठी वाचकाला एक नाव आठवल्यावाचून राहणार नाही. स्पेनमध्ये काम केलेले डॉ. अटल यांच्याच नेतृत्वाखाली १९३८ मध्ये काँग्रेसचे वैद्यकीय पथक चीनला गेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांना घरोघरी पोचविले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हेही स्पेनहूनच चीनमध्ये आले होते. हातमोज्यांवाचून शस्त्रक्रिया करताना त्यांचे बोट कापले, त्यात जंतू शिरले, आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी रक्त दूषित होऊन त्यांचा अंत झाला. त्यांच्यासाठी शत्रूच्या नाकेबंदीतून औषधे आणून देणारी मिशनरी परिचारिका कॅथलीन हॉल न्यूझीलंडच्या नेपिअर गावची होती. बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयातच कोटणीस यांनी पुढे सेवा केली व ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी देह ठेवला. क्रॉमवेल, नेपिअर, सोलापूर. या गावांना जोडणारा धागा स्पेनमधून गेला आहे.

पेनिसिलिनची कथा सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही. फ्लोरी यांच्याबरोबर ते औषध सिद्ध करणारे अर्न्स्ट चेन हे १९३३ मध्ये बर्लिन सोडून आलेले यहुदी शास्त्रज्ञ होते, आणि ज्या वर्षी, १९४५ मध्ये, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तोवर त्यांची आई व बहीण नाझींच्या संहारात नाहीशा झाल्या होत्या, एवढे मात्र आपल्या पत्रात नोंदविलेच पाहिजे. पेनिसिलिनमुळे मुलांचे ताजे अस्थिमज्जाशोथ आटोक्यात आले. जुन्या नासुरावर मात्र ते एकटे हतबल ठरले. कारण तोच जुना प्रश्न, मेलेल्या हाडात रक्त नाही. शिवाय जंतूही शहाणे झाले. १९५५ पासून न्यूझीलंडच्या प्रसूतिगृहांत पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकसची साथ पसरली. वृत्तपत्रांनी हायड्रोजन बॉम्बच्या धर्तीवर त्याला ‘एच-बग’ हे नाव दिले. नवजात अर्भकांना फोड, मातांना स्तनात गळवे, असे ते संकट कित्येक वर्षे पुरले. हात धुणे, बाळांना आईजवळ ठेवणे, या जुन्या गोष्टी रुग्णालयांना पुन्हा शिकाव्या लागल्या.

मेलेले हाड काढल्यावर जी पोकळी उरते तिचे काय करावे? या प्रश्नावर सर्वांत सुंदर उत्तर ज्यांनी दिले ते रेन्सफर्ड मोलेम हे ऑकलंडचे. जन्म १९०२, तेही ओटागोचेच विद्यार्थी. इंग्लंडमध्ये गिलीज यांचे काम पाहून ते त्या शास्त्राकडे ओढले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी इंग्लंडमध्ये प्लॅस्टिक सर्जरीचे चार प्रमुख शल्यविशारद होते. त्यांपैकी गिलीज, मॅकइंडो व मोलेम हे तिघे न्यूझीलंडचे! पूर्वी हाडाची उणीव भरून काढण्यासाठी नडगीचा वा बरगडीचा घट्ट तुकडा बसवीत. घट्ट हाडात नव्या रक्तवाहिन्या फार सावकाश शिरतात. तोवर तो तुकडा मेलेलाच असतो, आणि जंतूंचा वास लागला की तो स्वतःच नवी मृतास्थी बनतो. म्हणून जखम भरून बराच काळ लोटेपर्यंत कोणी हाड बसविण्यास धजत नसे. मोलेम यांनी कमरेच्या रुंद हाडातील स्पंजासारखे जाळीदार हाड घेतले आणि त्याच्या बारीक चकत्या करून पोकळीत भरल्या. जाळीदार हाडात रक्त फार लवकर शिरते, चकत्या जगतात, आणि थोडा पू झालाच तर सर्व काम वाया न जाता एखादी चकती बाहेर पडते. १९४४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ७५ रोग्यांचा वृत्तांत दिला. आमच्या मते या छोट्या लेखाचे महत्त्व कित्येक जाड ग्रंथांहून अधिक आहे. घराची पडकी भिंत बांधताना एकच मोठा धोंडा बसविण्याऐवजी चुन्यात लहान दगड रचावेत, तशी ही युक्ती. जगभर आज वाहत्या हाडाची पोकळी भरताना ती वापरतात.

त्रुएता यांनीही ऑक्सफर्डमध्ये हाडाच्या रक्तपुरवठ्याचाच ध्यास घेतला. अर्भक, मूल आणि प्रौढ या तीन वयांत हाडातील रक्तवाहिन्यांची रचना भिन्न असल्याने रोगही तीन तऱ्हांनी वागतो, हे त्यांनी १९५९ मध्ये दाखविले. अर्भकात तो सांध्यापर्यंत पोचतो, मुलात वाढीच्या कूर्चेपाशी अडतो, प्रौढात पुन्हा पसरतो.

यानंतरचे मोठे पाऊल सायबेरियाच्या वेशीवर, कुर्गान येथे पडले. गाव्रील इलिझारोव्ह हे कॉकेशसमधील पहाडी यहुदी पित्याचे पुत्र. बालपण अझरबैजानच्या कुसार गावी अत्यंत गरिबीत गेले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमींचे न जुळलेले, पू वाहणारे पाय पाहून त्यांनी १९५० च्या सुमारास लोखंडी कड्या व तारांचे एक यंत्र बनविले. रोगट हाड सरळ कापून टाकावे, उरलेले निरोगी हाड दुसरीकडे छेदावे, आणि दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार वेळा पाव-पाव मिलिमीटर करून, ताणीत न्यावे. मागे आपोआप नवे हाड तयार होते! मॉस्कोच्या पंडितांनी त्यांना दीर्घकाळ खेडवळ ठरविले. ऑलिम्पिक सुवर्णपदकविजेता उंच उडीपटू व्हालेरी ब्रुमेल याचा पाय १९६५ च्या मोटारसायकल अपघातात चिरडला होता व अनेक शस्त्रक्रिया होऊनही हाड वाहत होते. इलिझारोव्ह यांनी तो बरा केला आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरांहून उंच उडाला. १९८१ मध्ये त्यांनी आपला एक इटालियन रोगी, गिर्यारोहक कार्लो माउरी, याच्या निमित्ताने इटलीत व्याख्याने दिली, तेव्हा कोठे पश्चिमेला जाग आली. आज भारतातही ही पद्धत सर्वत्र वापरली जाते.

आजचा शल्यविशारद हाड खरवडताना थांबावे कोठे हे कसे ओळखतो, ते ऐकण्याजोगे आहे. खरवडलेल्या पांढऱ्या पृष्ठभागावर रक्ताचे बारीक ठिपके उमटू लागले, जणू लाल तिखटाची चिमूट भुरभुरावी तसे, की जिवंत हाड लागले असे समजतात. त्याआधी थांबणे म्हणजे रोग ठेवणे. मग पोकळीत प्रतिजैविक मिसळलेले सिमेंटचे मणी ठेवतात, किंवा शेजारचा स्नायू रक्तवाहिनीसह वळवून तेथे बसवितात. गिलीज यांनी चेहऱ्यासाठी जी कातडी वळविली, तिचेच हे वंशज.

न्यूझीलंडात मात्र हा रोग केवळ इतिहासजमा झालेला नाही. संपन्न देशांच्या मानाने तेथील मुलांत अस्थिमज्जाशोथ अधिक आढळतो, आणि मावरी व पॅसिफिक बेटांवरील कुटुंबांच्या मुलांत तर फारच अधिक. दाटीवाटीची, दमट घरे आणि त्वचेचे वारंवार होणारे संसर्ग यांकडे तेथील डॉक्टर बोट दाखवितात. ऑकलंडच्या स्टारशिप बालरुग्णालयात अशी मुले नित्य येतात. ताप, एकाच जागी ठणका, पाय टेकण्यास नकार. एवढी लक्षणे पाहून पहिल्या दिवसांत आलेले मूल बहुधा काही आठवड्यांच्या औषधांनी बरे होते. उशिरा आलेल्याच्या वाट्याला सुरी येते. आपल्याकडेही मोडलेला पाय प्रथम हाडवैद्याकडे, मग गावच्या दवाखान्यात आणि शेवटी शहरात, असा प्रवास अद्याप घडतो. मधुमेह असलेल्यांनी तळपायाच्या भेगेकडे आणि घट्ट्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण तेथूनही जंतू हाडापर्यंत जातात. आपल्या समाजात मधुमेहाचे घर नाही असे घर शोधावे लागेल.

मोलेम साठीच्या सुमारास निवृत्त झाले व स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर राहिले. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. जॉली यांना युद्धातील सेवेबद्दल ब्रिटिश सरकारने सन्मानपद दिले, पण नामवंत शल्यविशारद म्हणून मोठे स्थान त्यांना कधी लाभले नाही. अर्धवट सोडलेली ती फेलोशिप आड आली असेल, की स्पेनचा लाल शिक्का, हे ज्याने त्याने ठरवावे. लंडनच्या रोहॅम्प्टन येथील क्वीन मेरी रुग्णालयात त्यांनी उत्तरायुष्य घालविले. तेथे पाय गमावलेल्या माणसांना कृत्रिम पाय बसवीत. म्हणजे ज्यांच्यापर्यंत वेळेवर कोणी पोचले नव्हते, अशांमध्येच ते वावरले. १९८३ मध्ये ते वारले. २०२४ मध्ये मार्क डर्बी यांनी न्यूझीलंडात त्यांचे सविस्तर चरित्र प्रसिद्ध केले. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत क्लाइड धरणाचे पाणी चढले आणि क्रॉमवेलची जुनी बाजारपेठ डन्स्टन सरोवराखाली गेली. काठावर काही जुन्या इमारती जपून ठेवल्या आहेत. त्यांत जॉली घराण्याच्या नावाचे धान्य-बियाण्यांचे कोठार आहे.